होडीतून नदीची पाहणी : पंचगंगाकाठच्या बागायतदारांसाठी

पंचगंगा खोऱ्यातील ऊसशेती नदीवरील उपसा सिंचनावर उभी आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. तेथून पुढे कोल्हापूर व इचलकरंजी ही शहरे ओलांडून पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. वाटेत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की या बंधाऱ्यांत बरगे टाकले जातात आणि नदीचे रूपांतर एकापुढे एक असलेल्या लांबट तळ्यांत होते. याच साठलेल्या पाण्यावर आपल्या मोटारी चालतात.

या पाण्याची तपासणी शेतकरी क्वचितच करतो. त्याचे कारण निष्काळजीपणा हे नसून नदी त्याला एकाच ठिकाणी दिसते हे आहे. जॅकवेलपाशी किंवा घाटावर उभे राहिले की समोरचे पन्नास-शंभर फूट पाणी दिसते. त्या पाण्यात वरच्या बाजूला कोठे, काय मिसळले हे काठावरून कळत नाही. काठाने चालत जावे म्हटले तर ऊस थेट पाण्यापर्यंत लागलेला असतो, मध्ये बाभळीचे काटे व ओढ्यांचा चिखल असतो. म्हणून नदी पाहायची असेल तर ती नदीतूनच पाहिली पाहिजे. त्यासाठी लहान होडीसारखे साधन नाही.

कयाक म्हणजे काय?

कयाक ही एका किंवा दोन माणसांची निमुळती, हलकी होडी आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांनी सीलच्या कातड्यापासून ती शिकारीसाठी बनविली. आता ती फायबर किंवा जाड प्लॅस्टिकची मिळते व जलपर्यटनाच्या ठिकाणी भाड्यानेही दिली जाते. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात आणि वल्हविणारा पुढे तोंड करून बसतो. ती वीतभर पाण्यातही तरंगते, त्यामुळे ओढ्याच्या मुखात शिरता येते. इंजिन नसल्याने आवाज होत नाही व पक्षी लवकर उडत नाहीत. बंधारा आला की दोघांनी उचलून खालच्या बाजूला नेता येते. पाहणीच्या दृष्टीने हा गुण सर्वात मोठा आहे, कारण पाण्यातला फरक बंधाऱ्याच्या वर आणि खाली पाहिल्याशिवाय समजत नाही.

कयाकच पाहिजे असे मात्र नाही. गावातील भोई किंवा कोळी बांधवांची वल्ह्याची होडी उत्तम काम देते. शिवाय ज्याची होडी त्याला नदीची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते, तो फायदा वेगळाच. आपल्या भागात पूर्वी गुऱ्हाळाची काहीलसुद्धा नदी ओलांडायला वापरत. पण काहील गोल असल्याने स्वतःभोवती फिरते, तिला दिशा देता येत नाही आणि कलली की बुडते. पाहणीसाठी ती वापरू नये. थर्मोकोलच्या तराफ्याचेही तेच.

केव्हा जावे, काय सांभाळावे

बरगे टाकल्यापासून ते काढेपर्यंतचा काळ, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे, पाहणीस योग्य असतो. पावसाळ्यात व धरणातून पाणी सुटणार असेल तेव्हा नदीत उतरू नये. बंधाऱ्याच्या माथ्याजवळ होडी नेऊ नये. बरग्यांच्या फटीतून ओढणारे पाणी वरून दिसते त्यापेक्षा जोरकस असते, आणि बंधाऱ्याखालच्या भोवऱ्यात चांगला पोहणाराही सापडतो. निम्मा फर्लांग आधीच काठाला लागावे. पोहता येत असले तरी तरंगजाकीट अंगात असावे व एकट्याने जाऊ नये. नृसिंहवाडीच्या आसपास आणि कृष्णेच्या सांगलीकडील पात्रात मगरी आहेत. तेथे होडीतून हात-पाय पाण्यात सोडू नयेत. मगर ऊन घेत असलेल्या काठाला होडी लावू नये. अंगावर जखम असेल तर सांडपाण्याच्या भागात जाऊ नये. परतल्यावर साबणाने हात-पाय धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

वेळ पहाटेची घ्यावी. त्याचे कारण केवळ ऊन टाळणे हे नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वात कमी असतो. दिवसा शेवाळे व पाणवनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्यादेखील तो वापरतात. त्यामुळे नदीचे दुखणे सूर्योदयापूर्वी उघडे पडते आणि दहा वाजता झाकले जाते. दुपारच्या पाहणीवर विसंबून पाणी चांगले असल्याचा निर्वाळा देऊ नये.

पाण्याचे दोन रंग

होडी मध्यभागी घेऊन सावकाश खाली येताना प्रथम रंगाकडे लक्ष द्यावे. एखादा नाला मिळतो तेथे त्याचे पाणी लगेच नदीत मिसळते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात साठलेल्या, संथ पाण्यात ते बरेच अंतर एका काठाला धरून चालते. होडीतून पाहिले तर पाण्यात दोन रंगांची शीव स्पष्ट दिसते. एकीकडे हिरवट-तपकिरी पाणी आणि दुसरीकडे करडे, काळे किंवा कापड प्रक्रियेच्या रंगाचे. नाला ज्या काठाला मिळतो त्याच काठाच्या खालच्या जॅकवेलला त्याचा सर्वाधिक वाटा येतो. समोरच्या काठाच्या मोटारीला त्याच दिवशी बरे पाणी मिळत असते. जॅकवेलची जागा ठरविताना किंवा जुनी बदलताना ही शीव कोठपर्यंत जाते हे पाहून ठेवावे. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा होडीची फेरी वसूल होते.

रंगानंतर वास. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी प्राणवायू संपून गाळ कुजत आहे असे समजावे. अशा ठिकाणी वल्हे तळाला लावले तर काळा गाळ व बुडबुडे वर येतात. मळीसारखा गोडसर-आंबूस वास व तांबूस-काळे पाणी गाळप हंगामात आढळल्यास साखर कारखाना किंवा आसवनीच्या सांडपाण्याची शंका घ्यावी. आसवनीच्या स्पेंट वॉशची जैविक प्राणवायूची गरज (बीओडी) लिटरला हजारो मिलिग्रॅममध्ये असते, तर घरगुती सांडपाण्याची साधारण दोनशे ते तीनशे असते. म्हणजे थोडा स्पेंट वॉशही लांबपर्यंतच्या पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतो. आंघोळीस योग्य पाण्यात ही गरज लिटरला ३ मि.ग्रॅ. पेक्षा जास्त नसावी व विरघळलेला प्राणवायू ५ मि.ग्रॅ. पेक्षा कमी नसावा, असा निकष आहे.

बंधाऱ्याखाली पांढरा फेस होतो. थोडा फेस उसळत्या पाण्याला येतोच व तो लगेच विरतो. जो फेस पुंजक्यांनी तरंगत लांब जातो आणि बोटाला चिकट लागतो तो साबण व धुलाई पावडरीचा असतो. जनावरांना तेथे पाणी पाजू नये. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग, जणू कोणी रंग सांडला आहे असा, दिसला तर तेही पाणी जनावरांना देऊ नये. नील-हरित शेवाळाच्या काही जाती विषारी असतात.

नदी आपल्याकडे आजारी आहे ही काही गुप्त गोष्ट राहिलेली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या यादीत देशातील संख्या ३११ वर आली, परंतु महाराष्ट्राची ५५ झाली. दोन्ही वेळा राज्याचा क्रमांक पहिला लागला. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. मंडळाच्या तपासण्या ठरावीक ठिकाणी व ठरावीक दिवशी होतात. मधल्या दिवसांत व मधल्या मैलांत काय घडते ते काठावरच्या माणसालाच पाहावे लागेल.

जीवसृष्टी काय सांगते?

प्रयोगशाळेचा अहवाल नमुना घेतला त्या क्षणाचे पाणी सांगतो. पाण्यातील जीव मात्र महिनोन्‌महिने तेथेच राहिलेले असतात, त्यामुळे त्यांची साक्ष जास्त जुनी व जास्त खरी असते. प्रयागजवळच्या वाहत्या पाण्यात दगड उलटून पाहावा. त्याला चिकटलेल्या, शेपटीला दोन-तीन केसांसारखे धागे असलेल्या चपट्या अळ्या आणि वाळूच्या कणांचे घर करून राहणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे. चतुराच्या अळ्या, शिंपले व गोगलगायी थोडे प्रदूषण सोसतात. नाल्याखालच्या गाळात मात्र रक्तासारख्या लाल, नाजूक अळ्या व धाग्यांसारखे लालसर कृमी यांखेरीज काही सापडत नाही. त्या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या अत्यल्प प्राणवायूतही जगतात. लाल अळ्यांची दाटी म्हणजे बाकीच्यांनी ते ठिकाण सोडले आहे असा अर्थ होतो.

पक्ष्यांच्या बाबतीत संख्येने फसू नये. काळी पाठ, पांढरे पोट आणि लांब गुलाबी पाय असलेले शेकाटे नाल्याच्या मुखाशी शेकड्याने दिसतात व पाहणाऱ्याला वाटते की नदी जिवंत आहे. ते तेथे याच लाल अळ्या टिपायला आलेले असतात. त्याउलट नदीसुरय, कवड्या खंड्या व पाणकावळा हे डोळ्यांनी मासा पाहून पकडणारे पक्षी आहेत. पाणी गढूळ झाले किंवा मासा संपला की ते निघून जातात. त्यामुळे शंभर शेकाट्यांपेक्षा हवेत एका जागी फडफडत राहून सूर मारणारा एक कवड्या खंड्या अधिक महत्त्वाचा समजावा. त्याची बिळे काठाच्या उभ्या मातीच्या कड्यात असतात आणि ती काठावरून कधीच दिसत नाहीत, कारण आपण नेमके त्यांच्या डोक्यावर उभे असतो. वेडा राघूही अशाच कड्यात घर करतो. तो उडत्या किडी खातो, म्हणजे आपल्याच कामाचा पक्षी आहे. नदीसुरय उन्हाळ्यात वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो. वाळूउपशाने ही बेटेच गेली आहेत, आणि जगभर या पक्ष्याची गणना आता धोक्यातील जातींत होते.

खडकावर माशांचे खवले व काटे मिसळलेली काळपट विष्ठा आढळली तर ती पाणमांजराची असू शकते. पाणमांजर असणे म्हणजे मासा भरपूर, काठ निवांत आणि पाणी बरे. ती जागा नोंदवावी, पण गावभर सांगू नये.

मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर ती धोक्याची शेवटची सूचना असते. प्राणवायू लिटरला दोन मि.ग्रॅ. च्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत. मरळ व मांगूर हवेतूनही श्वास घेऊ शकतात, चिलापीही बरेच सोसते. जाळ्यात केवळ हेच येऊ लागले तर मासेमारी चालू आहे म्हणून नदी ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये. बरगे काढल्यावर तळाचा कुजका गाळ एकदम खाली सुटतो, तसेच वळवाच्या किंवा पहिल्या मृगाच्या पावसाने नाल्यांत साठलेली घाण एकाच वेळी नदीत येते. मासे मरण्याच्या घटना या दोन प्रसंगी हमखास घडतात. त्या दोन-तीन दिवसांत उपसा बंद ठेवणे श्रेयस्कर.

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. अनुकूल पाण्यात तिचा पसारा एक-दोन आठवड्यांत दुप्पट होतो. लोक तिलाच प्रदूषण म्हणतात. ती खरे तर प्रदूषणाची पावती आहे, कारण नत्र व स्फुरद भरपूर असल्याशिवाय ती माजत नाही. होडीतून ती कोठून सुरू होते ते पाहावे. बहुधा सांडपाण्याच्या मुखापासून थोड्या अंतरावरच तिचा पहिला दाट पट्टा सापडतो.

शेताचा हिशेब

नदीच्या घाण पाण्याने ऊस जोमदार येतो, खताची बचत होते, असे पुष्कळ बागायतदार सांगतात. त्यात तथ्य आहे, पण हिशेब पुरा मांडला जात नाही. हेक्टरी ५ सें.मी. पाण्याची एक पाळी म्हणजे ५ लाख लिटर पाणी. त्यात लिटरला १० मि.ग्रॅ. नत्र असेल तर एका पाळीत ५ किलो, तीस पाळ्यांत १५० किलो नत्र शेतात जाते. सुरू उसासाठी हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. आपण युरिया पूर्ण मात्रेने टाकतोच, वरून हे दीडशे किलो. तेही शेवटच्या पाळीपर्यंत मिळत राहते, तेव्हा ते नको असते. ऊस लोळतो, पक्वता लांबते व साखर उतारा घटतो. पाणी तपासून घ्यावे आणि त्यातील नत्र युरियाच्या मात्रेतून वजा करावे.

क्षारांचा हिशेब याहून गंभीर आहे. विद्युतवाहकता १ डेसीसायमन प्रति मीटर असलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ६४० मि.ग्रॅ. क्षार असतात. वरच्याच तीस पाळ्यांत हेक्टरी सुमारे साडेनऊ टन क्षार जमिनीवर येतात. निचऱ्याच्या जमिनीत ते पुष्कळसे खाली धुपून जातात. शिरोळ तालुक्यातील खोल काळ्या जमिनीत ते वरच्या थरात राहतात. या भागातील क्षारपड व पाणथळ जमिनींचे मुख्य कारण अतिरिक्त पाणी हेच आहे, परंतु पाणी खारट असेल तर तेच नुकसान लवकर होते. वाहकता ०.७५ पर्यंत असलेले पाणी सामान्यपणे चालते. २.२५ च्या पुढील पाणी भारी जमिनीत वापरू नये. सामू ६.५ ते ८.४ दरम्यान असावा. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट लिटरला १.२५ मि.ई. पर्यंत असल्यास पाणी सुरक्षित व २.५ च्या वर असल्यास अयोग्य समजावे.

कोथिंबीर, मुळा, काकडी अशी कच्ची खाण्याची पिके सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर घेऊ नयेत. अशा पिकांसाठी पाण्याच्या १०० मि.लि. मध्ये विष्ठाजन्य जंतू १,००० पेक्षा जास्त नसावेत, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सुचविला होता. ठिबक असेल तर वाळूची गाळणी नियमित उलटी धुवावी, नाहीतर शेवाळ व गाळाने तोट्या बंद पडतात.

होडीतून आपलेही काही दिसते

फक्त शहर व कारखाने यांच्याकडे बोट दाखवून होडी वळवू नये. काठाच्या उसातून चरीने नदीत पडणारे पाटपाणी, जॅकवेलच्या चौथऱ्यावर सांडलेले डिझेल व वंगण, काठावर पडलेल्या कीटकनाशकांच्या बाटल्या हेही याच फेरीत दिसते. फवारणी पंप नदीत धुण्याची सवय विशेष घातक आहे. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे माणसाला तुलनेने सौम्य वाटली तरी माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. पंप शेतातच धुवावा व ते पाणी पिकावरच फवारून टाकावे.

काठाच्या अगदी कडेपर्यंत ऊस लावण्याने दोन-चार सरी वाढतात आणि महापुरात कडा ढासळून त्याच सरी मातीसकट जातात. २०१९ व २०२१ च्या पुरानंतर हे अनेक ठिकाणी दिसले. नदीकडे निदान पंधरा-वीस फूट पट्टा सोडून त्यात करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ही झाडे व गवत राहू द्यावे. शेतातून वाहणारी माती व खत हा पट्टा अडवितो.

नोंद व नमुना

पाहणीची एक वही ठेवावी. तारीख, वेळ, बंधाऱ्यात बरगे आहेत की नाहीत, नाल्याचे ठिकाण व काठ, रंग, वास, फेस, पक्षी, मासे. खुणेसाठी पूल, देऊळ, जॅकवेल यांची नावे लिहावीत. महिन्यातून एक फेरी पुरे. एका फेरीने फारसे सिद्ध होत नाही. वर्षभराच्या बारा नोंदी समोर ठेवल्या की ग्रामपंचायत व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला उत्तर द्यावे लागते. सांडपाण्यावर कारवाईचा अधिकार मंडळास १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने दिलेला आहे.

नमुने नेहमी जोडीने घ्यावेत, एक नाल्याच्या वर व एक खाली, त्याच काठाला. एक लिटरची प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. हातमोजे घालून तोंड प्रवाहाकडे करून वीतभर खोल बुडवावी, तवंग आत येऊ देऊ नये. हवा न ठेवता काठोकाठ भरून बूच लावावे. सिंचनाच्या तपासणीसाठी नमुना शक्यतो चोवीस तासांच्या आत माती-पाणी प्रयोगशाळेत पोहोचवावा. बीओडी पाहायची असल्यास बाटली बर्फात ठेवूनच न्यावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी, ती विसळू नये व काठोकाठ भरू नये. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व वेळ शिसपेन्सिलीने लिहावी, कारण बर्फाच्या पाण्याने शाई पुसली जाते.